निहारची बॅग नेपाळला गेली

आज रविवार. निहारचा ग्रुप दुपारच्या विमानाने नेपाळला गेला, तिथल्या एका शाळेत दहा दिवस शिकवायला. तुम्ही विचारत होता, म्हणून लिहितोय.

माझा मुलगा निहार दोन महिन्यांपूर्वी अपघातात गेला. शाळेसाठी वह्या, रंग आणि स्वतःचे कपडे त्याने तेव्हाच भरून ठेवलेली बॅग न्यायला ग्रुपमधली केतकी सकाळी घरी आली. तिने काट्याला लावून वजन केलं.

"काका, तीन किलो जास्त आहे. वह्या कमी करू?"

"वह्या राहू दे. त्याचे कपडे काढ."

तिचा हात पुढे होईना. मग मीच काढले.

"नऊ टी-शर्ट?" ती म्हणाली. "धुवायला लागू नयेत म्हणून. आळशी कुठला."

मी हो म्हटलं.

ती गेल्यावर ते धुतलेलेच टी-शर्ट मी पुन्हा मशीनला लावले. आत्ता वाळत घालून आलो.