भोंग्यावरचं गणित

ज्ञान कुणाच्या मालकीचं नसतं. ते वाऱ्यासारखं असतं, त्याला भिंती अडवत नाहीत, आणि जो कान उघडे ठेवील त्याचं ते होतं. आमच्या गावात ते ग्रामपंचायतीच्या छपरावरच्या भोंग्यातून यायचं, संध्याकाळचे बाजारभाव संपले की लगेच, आणि कान बंद ठेवण्याची सोय कुणालाच नव्हती.

गाव ताडकळसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या उन्हाळ्यात मी दहावीची परीक्षा देऊन बसलो होतो आणि पुढं सायन्सला जायचं माझ्या डोक्यात होतं. परभणीतल्या ज्या कॉलेजात जायचं होतं तिथं अकरावी सायन्सला घेण्याआधी गणिताची चाचणी घेत. वडिलांनी या विषयावर एकदाच तोंड उघडलं. "जमलं तर सायन्स," ते म्हणाले, "न्हाई जमलं तर मानवत."

मानवतला माझ्या मामाची आडत होती. आडतीत वाईट काहीच नव्हतं. गादी होती, तक्क्या होता, दिवसातून चार वेळा चहा यायचा. पण मामा सकाळपासून संध्याकाळपर्यंत येणाऱ्याला "बरं" आणि जाणाऱ्याला "बगू" एवढंच म्हणत असत, आणि वयाच्या सोळाव्या वर्षी आपली भाषा दोन शब्दांवर यावी असं मला वाटत नव्हतं. मामांनी मात्र निरोप धाडला होता की गादीची एक बाजू रिकामी ठेवली आहे.

शाळेत आमच्या मास्तरांनी त्रिकोणमितीचा धडा "हे परीक्षेला येत न्हाई" असं सांगून सोडून दिला होता. मास्तरांचं चूक नव्हतं, दहावीला ती आली नाही. चाचणीला मात्र येणार होती. अशा वेळी रेडिओवर जाहीर झालं की कॉलेजात गणित घेणाऱ्या मुलांसाठी रोज संध्याकाळी पाठ होणार आहेत, मोफत. सोबत आकृत्यांची एक पुस्तिका, तीही मोफत, पत्र टाकलं की घरपोच.

आमच्या घरी रेडिओ नव्हता. ग्रामपंचायतीचा होता. तो कुलपाच्या लाकडी पेटीत राहायचा आणि किल्ली सरपंचांच्या जानव्याला. मी सरपंचांकडे गेलो आणि रोज अर्धा तास रेडिओजवळ बसू द्या अशी विनंती केली.

सरपंचांना अर्धा तास ही गोष्ट फार लहान वाटली. त्यांना कोणतीही गोष्ट लहान असलेली आवडत नसे. गावात हातपंप बसला तेव्हा त्यांनी त्याच्यासमोर एवढं लांब भाषण केलं होतं की पाणी काढायला आलेल्या बाया घागरी तिथंच ठेवून स्वयंपाकाला निघून गेल्या होत्या. ते म्हणाले, "एकट्यानं कामून ऐकायचं? तालीम हाय ती, शिक्षण हाय. आख्ख्या गावानं घ्यायची."

पुस्तिकेसाठी पत्रही त्यांनीच लिहिलं, ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानिशी. त्यामुळे पुस्तिका माझ्या नावावर न येता गावाच्या नावावर आली, आणि गावाकडे आलेलं छापील पुस्तक म्हणजे पोथी, ती बुवांकडे जायची. बुवा श्रावणात पोथी सांगत. आमच्याकडे पोथीला दोन माणसं लागतात. एक ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. या वेळी वाचायला रेडिओ होता. अर्थ सांगायला बुवा बसले.

पहिल्या दिवशी मारुतीच्या पारासमोर सतरंज्या पडल्या. चौरंगावर लाल फडक्यात बांधलेली पुस्तिका, तिला हळदकुंकू, शेजारी उदबत्ती, आणि रेडिओच्या पेटीला झेंडूचा हार. पेटीसमोर माइक ठेवला होता आणि त्याची तार छपरावरच्या दोन भोंग्यांना जात होती. ऊसतोडीला गेलेले लोक नुकतेच कारखान्यावरून परतले होते, शेतात काम नव्हतं, आणि करमणूक म्हणून गावात फक्त एकमेकांची भांडणं उरली होती. त्यामुळे गर्दी लय झाली. बसण्याची पद्धत नेहमीचीच, कोण पारावर, कोण खाली, कोण पलीकडं लांब उभं. भोंग्याला ती पद्धत माहीत नव्हती. तो ओढ्यापलीकडच्या वस्तीतही तेवढ्याच मोठ्यानं वाजत होता. विद्यार्थी असा मी एकटाच होतो. श्रोते म्हणून अख्खं गाव होतं.

गावात एक म्हातारे पाटील होते, निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. आज बीजगणित आहे असं कळल्यावर ते म्हणाले, "आमच्या वक्ताला ह्येला जबरो-मुकाबला म्हणायचे." हे नाव ऐकून कुस्तीच्या तालमीतली चार पोरं पुढं येऊन बसली आणि पाठ संपेपर्यंत वाट पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी ती आली नाहीत.

रेडिओवरचे प्राध्यापक शांत आवाजाचे होते. दोन वाक्यांमध्ये ते थांबत, कारण विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावं. आमच्याकडे त्या थांबण्यात बुवा अर्थ सांगत. प्राध्यापक म्हणाले की शून्यानं भागता येत नाही. बुवा म्हणाले, "ज्याच्याजवळ कायीच न्हाई त्याच्या वाट्याला वाटणी घालता येत न्हाई, हे तुमी भावकीत पाह्यलंच हाय." दोन समांतर रेषा कधीच भेटत नाहीत, हे ऐकून त्यांनी सरपंच आणि माजी सरपंच यांच्याकडे एकदा पाहिलं आणि अर्थ सांगितला नाही. लोकांना समजला.

खरी अडचण आकृत्यांची होती. प्राध्यापक म्हणायचे, "आता पुस्तिकेतली आकृती तीन पाहा." बुवा लाल फडकं बाजूला करायचे, चष्मा लावायचे, पान उघडून बराच वेळ बघायचे आणि मान हलवून म्हणायचे, "पाह्यली." की पोथी पुन्हा फडक्यात. सगळं गाव समाधानानं पुढं सरकायचं. आकृती पाहणं हे काम होतं आणि ते झालं होतं. कुणीतरी पाहिलं म्हणजे सगळ्यांचं पाहून झालं, असा तिथला हिशोब होता.

मी तिसऱ्या दिवशी धीर करून पुढं गेलो. म्हटलं, "बुवा, मला जरा बघू द्या. परीक्षा माझी हाय."

बुवा रागावले नाहीत. ते रागावत नसत. "बाळा, चालू पोथी हातात देत नसतात," ते म्हणाले. "समाप्ती झाली की दर्शन घे."

मी सरपंचांकडे तक्रार नेली. ते म्हणाले की एक नियम मोडला की सगळे मोडतात. वडिलांकडे नेली. ते बैलाला पाणी दाखवत होते. त्यांनी विचारलं की रेडिओवाला सांगतो ते मला कळतं का. मी म्हणालो की कळतं, पण कशाबद्दल सांगतो ते दिसत नाही. "देवाचं बी तसंच असतंय," ते म्हणाले आणि बादली उचलून गेले.

मग मी आकृत्या ऐकून काढायला लागलो. प्राध्यापक म्हणत, "बिंदू अ पासून रेषा ब क वर लंब टाका," आणि मी जमिनीवर काटकीनं टाकायचो. कधी लंब बाहेर जायचा, कधी ब हा बिंदू म्हाताऱ्या पाटलांच्या सतरंजीखाली जायचा. त्यांना उठा म्हणणं शक्य नव्हतं, त्यामुळे काही त्रिकोण मी दोन बाजूंवरच भागवले.

एका संध्याकाळी त्रिकोणमिती सुरू झाली आणि ऐन मध्यावर वीज गेली. भोंगा बंद, रेडिओ बंद. मला वाटलं, सुटलो, उद्याच काय ते. पण अध्याय मध्येच तोडत नाहीत. तो अपशकून. सगळ्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी कंदील जवळ घेतला, पुस्तिका उघडली आणि अध्याय स्वतःच पूर्ण करायला घेतला.

साइन आणि कॉस म्हणजे काय, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. पण पानावर एक तक्ता होता. त्यात साइन वाढत जात होता आणि कॉस कमी होत होता, आणि खाली लिहिलं होतं की दोघांच्या वर्गांची बेरीज नेहमी एकच भरते. बुवांनी तो तक्ता शांतपणे पाहिला.

"ह्ये सासू-सुनेचं हाय," ते म्हणाले. "सून घरात येती तवा सासू पुरती असती आन् सून शून्य. मग एकीचं वाढत जातंय, दुसरीचं घटत जातंय. शेवटाला सून पुरती आन् सासू शून्य. पर कवाबी बगा, दोघींचं मिळून घर एकच. दोन झालं की वाटणी."

बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "अन् मधी, दोघी बरूबर असत्यात तवा?"

बुवांनी तक्त्यात पाहिलं. "पंचेचाळीसला," ते म्हणाले. "लय थोडा वेळ."

त्या संध्याकाळी लोक उशिरापर्यंत हलले नाहीत. माझी आई घरी येऊन म्हणाली की गणित एवढं सोपं असतं हे तिला माहीत नव्हतं, आणि मी एवढा वेळ कशाला घेतोय.

पाठ संपले. रेडिओवरच्या प्राध्यापकांनी शेवटी सांगितलं की हा नुसता परिचय आहे, आता भरपूर सराव करा. हे वाक्य कुणी ऐकलं नाही, कारण समाप्तीचा नारळ फुटला होता. सगळ्या गावाला महाप्रसाद होता, वरण, भात आणि बुंदी. आणि पोथी ज्याच्या नावानं लावतात त्याचा सत्कार करण्याची रीत असल्यामुळे माझा सत्कार झाला. खांद्यावर दस्ती म्हणजे रुमाल, टोपी, नारळ. सरपंच माइकवर म्हणाले की या मुलानं गणित पूर्ण केलेलं आहे. चाचणी अजून व्हायची आहे, हे मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी हात उंचावला आणि भोंग्यावर सांगितलं, "चाचनी आता निस्ती नावाला हाय."

मी वडिलांकडे पाहिलं. ते पहिल्या रांगेत, दुसऱ्याची टोपी घालून बसले होते आणि त्यांना कुठं बघावं ते कळत नव्हतं. त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. तोपर्यंत नापास झालो असतो तर मी मानवतला गेलो असतो. आता नापास झालो तर वडिलांना इथं, याच लोकांत, राहायचं होतं.

दर्शनाच्या रांगेत माझा नंबर आला तेव्हा मला आकृती तीन दिसली. तो काटकोन त्रिकोण होता. बरोबर काटकोनाच्या जागी कुंकू पडलं होतं.

चाचणी ठरल्या दिवशी झाली नाही. विद्यापीठाचं नाव बदलण्याच्या वादावरून त्या वर्षांत कधीही बंद पुकारला जाई, एसटी थांबे, आणि ज्याच्या त्याच्या परीक्षा पुढं जात. त्या नावापायी आमच्या भागात घरं जळाली होती. गावात त्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नसे, भोंग्यावर तर नाहीच. चाचणी आठवडाभर पुढं गेली तेव्हा मी म्हणालो की आता तरी पुस्तिका घरी न्यायला द्या. बुवांनी ती दिली, पण मारुतीच्या देवळातच बसून वाचायची आणि आंघोळ करून यायचं, या अटीवर. मी आठवडाभर दिवसातून दोन वेळा आंघोळ करून त्रिकोणमिती केली. एवढा स्वच्छ मी नंतर कुठल्याही विषयात नव्हतो.

परभणीला चाचणीच्या हॉलमध्ये बसलो आणि पेपर हातात आला. तो इंग्रजीतून होता. रेडिओ मराठीतून होता आणि अर्थ आमच्या बोलीतून, त्यामुळे ही शक्यता कुणाच्या लक्षात आली नव्हती. मी प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायला लागलो. जिथं आकृती होती तिथं हात घातला, जिथं नुसता मजकूर होता तो सोडला. एका प्रश्नात साइनचा वर्ग आणि कॉसचा वर्ग यांची बेरीज विचारली होती आणि पुढं कारण द्या असं असावं. बेरीज मी लिहिली, एक. कारण मला पक्कं माहीत होतं, पण ते इंग्रजीत लिहिता आलं नाही, आणि मराठीत लिहिण्यासारखं नव्हतं.

बाहेर आल्यावर वडील फाटकाशी उभे होते. एसटीत ते एकदाच म्हणाले, "मानवत काय वाईट न्हाई." मग ताडकळस येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

यादी लागली त्या दिवशी तेच परभणीला गेले, मला नेलं नाही. परत आले तेव्हा चालण्यावरून काही कळेना. दारात चप्पल काढून म्हणाले, "सातवं हाय नाव." आणि आत जाऊन बराच वेळ पाणी पीत राहिले.

सरपंचांनी पेटी उघडली. आपल्या गावचं पोरगं कॉलेजात सातवं आलं, असं भोंग्यावर तीन वेळा सांगितलं गेलं. बुवांनी श्रेय घेतलं नाही. "म्या काय केलं," ते म्हणाले, "निस्ता अर्थ सांगितला." मामांना निरोप गेला. त्यांनी उलट निरोप पाठवला, "बरं."

कॉलेज सुरू झालं. पहिल्याच तासाला माझ्या शेजारी देवगाव फाट्याकडचा एक मुलगा बसला. ओळख व्हावी म्हणून मी त्याला विचारलं की चाचणीतला तो साइन-कॉसचा प्रश्न त्यानं कसा सोडवला.

"मी कुठं आल्तो चाचनीला?" तो म्हणाला. "त्या दिवशी बहिणीचं लगीन होतं."

मधल्या सुट्टीत मी ऑफिसात जाऊन कारकुनाला विचारलं. सायन्सच्या जागा त्या वर्षी भरत नव्हत्या, त्यामुळे अर्ज केलेल्या सगळ्यांना घेतलं होतं. पेपर तपासले नव्हते. यादी आडनावांच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावली होती. माझं आडनाव बी या अक्षरानं सुरू होतं.