कुंदाचा छावणीतला भाऊ

साधनाबाईंनी कुंदाला पहिल्यांदा पाहिलं ते दुबईच्या मीना बाजारातल्या शिवणाच्या दुकानात. दातांत दोरा धरून ती एका गिऱ्हाइकाला अरबी मिसळलेल्या हिंदीत दटावत होती, "यल्ला हबीबी, पोट अंदर लो!" मग स्वतःशीच मराठीत पुटपुटली, "याच्या पोटापायी ताग्यातलं कापड संपायचं." शाळेतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेल्या बाईंना हसू आवरेना. तिथे ओळख झाली.

हात उगारणाऱ्या नवऱ्याला सोडलं, तेव्हापासून कुंदाच्या सख्ख्या भावाने तिचा फोन उचलला नव्हता. पुढे ती अफगाणिस्तानातल्या अमेरिकन छावणीत गणवेशांवर नावाच्या पट्ट्या शिवायला गेली. तिथे डेरेक नावाचा सैनिक बटण तुटलेलं नसतानाही दुकानात येऊन बसायचा. एका भाऊबिजेला तिने त्याला ओवाळलं. लहान मुलासारखे डोळे मिटून त्याने ओवाळून घेतलं. नंतर दर दिवाळीला तोच आठवण करू लागला. युद्ध संपलं, छावणी उठली, कुंदा दुबईला आली. त्याचे मेसेज येत राहिले, पण तुटक.

गेल्या दिवाळीत तो कामासाठी दुबईत येणार होता.

"बाई, तासभर तुमचा हॉल द्याल? आमच्या खोलीवर पुरुषमाणसाला येऊ देत नाहीत."

"दिला. पण हा तुझा भाऊ बेसनाचा लाडू खातो का गं?"

"खातो म्हणजे? खिशात भरून न्यायचा मेला!"

डेरेक आला. दाढी वाढलेली, नजर सारखी दाराकडे. लाडू हातात तसाच राहिला. कुंदाने त्याला पाटावर बसवलं, टिळा लावला, निरांजनाचं ताट उचललं. ज्योत चेहऱ्यासमोर येताच त्याने किंचाळून तिचं मनगट पिरगाळलं. ताट फरशीवर आदळलं.

"डेरेक, इट्स मी. कुंदा."

तो भानावर आला. तिच्या मनगटाकडे बघत "सॉरी" म्हणाला आणि बूट हातात घेऊनच जिना उतरला.

कुंदा अक्षता वेचत बसली. "त्याने मला नाही हो धरलं, बाई. तिकडचं कुणीतरी दिसलं त्याला."

"येईल गं परत."

"नाही यायचा. स्वतःच्या हाताची लाज वाटली त्याला. मी पाहिलं ना."

त्यानंतर तिचे मेसेज त्याच्यापर्यंत पोचेनासे झाले.

कुंदा अजून मीना बाजारातच शिवते. यंदा भाऊबिजेला, भाऊ नसलेल्या बायका करतात तसं, तिने साधनाबाईंच्या गॅलरीतून चंद्राला ओवाळलं.