जखमेला जुने चालतात

"ग्लोव्ज घाल, मग पाण्याच्या फिल्टरला हात लाव."

अक्का स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी होती. अक्का म्हणजे माझ्या पेशंटची सून. बनशंकरीतलं घर. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेली मराठी माणसं. पेशंट आज्जी. अर्धांगाच्या झटक्यात त्यांचं कन्नड गेलं, मराठी तेवढं राहिलं. पडून पडून कमरेवर जखम झालेली. म्हणून एजन्सीने मला धाडलं, भालकीकडच्या मराठी नर्सला. दिवसाची ड्युटी.

पहिल्या दिवशी अक्काला कोण आनंद. "आपल्यातलीच मिळाली," फोनवर कुणाला तरी सांगत होती. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. आमचं आडनाव लपत नाही. महाराचं आहे, आणि ते लपवायला मी चोरी केलेली नाही.

"सरी," म्हणाली, कन्नडात 'बरं'. एवढंच. दुसऱ्या दिवशी फिल्टरवर ग्लोव्जचं कोरं खोकं होतं.

आज्जींना पाणी द्यायचं, ग्लोव्ज. पेज भरवायची, ग्लोव्ज. माझा स्वतःचा डबा उघडायचा तर बाहेर, जिन्यात. आणि जखमेला? जखमेला कालचीच जोडी. धुऊन, पावडर मारून, बाल्कनीत आज्जींच्या पातळाशेजारी चिमट्याला टांगलेली.

मी म्हटलं, "अक्का, जखमेला दर वेळी नवी जोडी लागते. वापरली की टाकायची."

"नवे किचनला. जखमेला जुने चालतात की."

तिच्या मुलाला सर्दी झाली तरी सगळं घर मास्क लावायचं. म्हणजे अडाणी नव्हती. जंतू कुठे असतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. फक्त तिच्या हिशेबी जखमेतल्या जंतूंपेक्षा मी वाईट होते.

अण्णांना, तिच्या नवऱ्याला, सांगून पाहिलं. लॅपटॉपवरून मान न काढता म्हणाले, "स्वल्प ॲडजस्ट कर."

केलं. एजन्सीत तक्रार गेली की काम मिळत नाही, म्हणून गिळलं. जखमेसाठी ग्लोव्ज पदरचे आणू लागले. पण मी घरी जायला येलहंक्याची बस धरली की संध्याकाळचं ड्रेसिंग अक्का करायची. त्याच वाळवलेल्या जोडीने.

जखम चिघळली. वास सुटला. डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, असं कसं झालं? अक्काने माझ्याकडे बोट केलं.

"हिचे हातच स्वच्छ नाहीत, डॉक्टर. या लोकांना सवय नसते."

डॉक्टर माझ्याकडे बघून खाली बघू लागले. औषध लिहिलं, गेले. इतके दिवस गिळलेलं सगळं घशाशी आलं.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. उघड्या हाताने फिल्टरवरचं खोकं उचललं. अक्का ओरडत मागे आली. आज्जींच्या खोलीत जाऊन कोरी जोडी घातली, जखम साफ केली, पट्टी बांधली. जोडी कचऱ्यात टाकली. साबणाने मनगटापर्यंत हात धुतले. परत स्वयंपाकघरात गेले, त्याच ओल्या हातांनी पेला भरला आणि आज्जींच्या ओठांना लावला.

आज्जींनी तोंड फिरवलं. एक बाजू लुळी, मान धड वळत नव्हती, तरी वळवली. मी रोज जिची घाण काढत होते, ती. राग अक्काचा होता, पण लागलं ते हे.

मग ते पाणी मी प्यायले. उभ्याने, सगळं. पेला फिल्टरखाली होता तिथे पालथा ठेवला, पिशवी घेतली, उतरले.

एजन्सीने ते काम काढून घेतलं. दुसरं मिळायला वेळ लागला. उपाशी नाही मेले.

आता नव्या घरी उंबऱ्यातच आडनाव सांगते, कुणी विचारायच्या आधी. आणि सांगते, ग्लोव्ज जखमेला. पाणी, पेज, औषध धुतलेल्या हातांनी. या हातांनी. पटत नसेल त्यांनी आपल्या म्हातारीची जखम आपणच धुवावी.