पुंडलिकच्या जागेवर चंद्रभागाक्का

१९७८ च्या जूनमध्ये मी हुबळीला, कमरीपेठेतल्या एका खाजगी टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मोटर वायंडिंग, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरायचं काम, शिकायला गेलो. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि पी.यू.सी.त, म्हणजे बारावीत, दोनदा नापास झालो होतो. वडील धारवाडच्या कोर्टात कारकून. आपला गोविंद जळक्या मोटरी उघडायला शिकणार, हे चारचौघांत सांगायची त्यांना लाज वाटायची. मलाही वाटायची. पहिल्या दिवशी मी वही शर्टाच्या आत घालून नेली.

इन्स्टिट्यूट म्हणजे भांड्यांच्या दुकानावरचा लांबट माळा. मधे एक मोठं टेबल, भिंतीला चार बाक, कोपऱ्यात जळक्या मोटरींचा ढीग. आम्ही आठ विद्यार्थी होतो. शिकवायला वेंकटेश सर, कापड गिरणीत तीस वर्षं मोटरी सांभाळून निवृत्त झालेले. ते हजेरी घेऊ लागले.

"पुंडलिक."

"हजर," दारातून बाईचा आवाज आला.

आम्ही सगळे वळलो. तिशीची एक बाई उभी होती. इरकली लुगडं, हातात कापडी पिशवी, पायांवर हुबळीबाहेरच्या उणकलपासून चालत आल्याची धूळ.

"पुंडलिक तू?" सरांनी विचारलं.

"माझे मालक ते. पिठाच्या गिरणीत असतात. परवा पट्ट्यात हात गेला, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर आहे. फी भरलेली आहे, म्हणून मी आले."

"फी परत मिळत नाही, बाई."

"परत कोण मागतंय? त्यांच्या जागेवर मी बसते. इथं शिकलेलं घरी जाऊन त्यांना सांगते. हात बरा झाला की ते येतील."

सर कन्नडात म्हणाले, हे गड्यांचं काम आहे. तिनं कन्नडातच विचारलं, तारेला काय कळतंय, हात गड्याचा की बाईचा? मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी तिला माझ्या शेजारी बसायला सांगितलं आणि पुढचं नाव घेतलं.

तिचं नाव चंद्रभागा. माहेर अळणावरजवळच्या एका खेड्यात, शेतकऱ्याचं घर, मराठी शाळेत सातवी पास. घरी दोन मुलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे तिला अक्का म्हणू लागलो. हजेरीत मात्र नाव पुंडलिकच राहिलं आणि ती रोज न लाजता "हजर" म्हणत राहिली.

पहिला धडा जळकी मोटर उघडण्याचा. सर सांगत, जुनी तार कापण्याआधी ती कुठून निघाली, कुठं गेली, वेढे किती, सगळं लिहून घ्या. आम्हा पोरांना कापायची घाई. अक्का मात्र तार बसते ती प्रत्येक खाच वहीत काढायची. मोठ्या मोटरीला तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन वाटा असतात, लाल, पिवळी आणि निळी. तिच्याजवळ रंगीत पेन्सिली नव्हत्या. म्हणून घरी जाऊन तिनं कुंकू, हळद आणि कपड्यांची नीळ पाण्यात कालवून, काडीनं तिन्ही रेघा ओढून आणल्या. सरांनी ती वही उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली आणि मग आम्हा सातजणांना आमच्या वह्या पुन्हा लिहायला लावल्या.

कॉइल गुंडाळताना एकानं चाक फिरवायचं आणि दोघांनी वेढे मोजायचे अशी पद्धत होती. अक्का मराठीत मोजायची, पलीकडचा पोरगा कन्नडात. ती म्हणायची "एकतीस", तो म्हणायचा "मूवत्तेरडु", म्हणजे बत्तीस. झालं, सगळं उलगडून पहिल्यापासून. शेवटी तीच कन्नडात मोजू लागली आणि हिशोब जुळला.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही एका टेबल फॅनची मोटर बांधली. बटण दाबायचा मान अक्काला मिळाला. पातं आधी थरथरलं, मग गरगर फिरू लागलं. टेबलावरचे कागद उडाले. अक्का पंख्यासमोर जाऊन तोंड वर करून उभी राहिली. कपाळावरचे केस मागे उडत होते. "आपण केलेला वारा," ती म्हणाली. मी त्या दिवशी धारवाडच्या बसमध्ये वही मांडीवर उघडी ठेवून बसलो.

एका रविवारी मी तिची राहिलेली वही द्यायला उणकलला गेलो. पुंडलिक उंबऱ्यावर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. अक्का त्याच्यासमोर सुतळीनं कॉइल कशी बसवायची ते दाखवत होती.

"उजवीकडून घाल म्हणालीस ना मघाशी?" तो म्हणाला.

"ते पहिलीला. दुसरीला डावीकडून."

"दहा वर्षं मोटरीशेजारी उभा राहिलोय मी. तू मला शिकवणार?" त्यानं सुतळी बाजूला टाकली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "प्लॅस्टर निघालं की मीच येणार आहे. ही आपली तोवर."

अक्कानं सुतळी उचलून गुंडाळून ठेवली. सोमवारी वर्गात तिनं मला हळूच सांगितलं, "पंधरा दिवस उरले रे, गोविंदा. तेवढ्यात जेवढं शिकता येईल तेवढं शिकते." त्यानंतर ती जेवणाच्या सुट्टीतही टेबलावरून उठेना. भाकरी डाव्या हातात आणि बांबूची चिप उजव्या हातात. खाचेत तार दाबून बसवायला ती चिप लागायची. सर बघायचे आणि तिच्यासमोर आणखी एक मोटर ठेवायचे.

जुलैअखेर प्लॅस्टर निघालं. पण पुंडलिकची बोटं पुरती मिटेनात. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. अक्का रोज येत राहिली.

नागपंचमीला सहा दिवस उरले असताना, बुधवारी दुपारी जिन्यावर धडधड झाली. दोन हमाल मोठी मोटर घेऊन वर आले. मागून पुंडलिक आणि त्याचे मालक, गिरणीवाले बाबाजीअण्णा. गिरणीची दहा हॉर्सपॉवरची मोटर जळली होती. पंचमीच्या लाडवांचं, म्हणजे आमच्याकडच्या उंड्यांचं, दळण तोंडावर आलेलं, आणि ओळखीच्या दुकानानं दहा दिवस सांगितले होते.

"सर, तुम्ही स्वतः करत असाल तर ठेवतो," बाबाजीअण्णा म्हणाले.

सर काही बोलायच्या आत पुंडलिक म्हणाला, "ही करेल."

"कोण ही?"

"माझी बायको. अण्णा, मी रोज ऐकतोय घरी. तिला येतं."

अक्कानं मान वर केली. नवऱ्याकडे बघितलं. मग पदर खोचला आणि वही काढली.

पुढचे तीन दिवस मला आजही तासातासानं आठवतात. बाकी शिकवणं बंद. कुणी जळकी तार ओढून काढतोय, कुणी खाचांसाठी कागद कापतोय, अक्का एकेक कॉइल बसवतेय. बोटांना तारेच्या चिरा पडल्या, तिनं त्यावर हळद चेपली. मी तारांना जोड आणि त्यांवर कथलाचे डाग दिले. घरी वडिलांनी पहिल्यांदा विचारलं, कसली मोटर? मी जेवता जेवता अर्धा तास बोललो. ते उठले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी सरांनी वीज दिली. मोटर फिरली नाही. गोठ्यात बैल डुरकावा तशी नुसती घुमत राहिली. सरांनी लगेच खटका ओढून वीज तोडली, खुर्चीत जाऊन बसले आणि चहा मागवला.

"चूक तुमची आहे. तुम्हीच शोधा."

आमचे चेहरे उतरले. एक पोरगा म्हणाला, सगळं काढून परत बांधू या. अक्कानं मोटरीला हातही लावला नाही. वही उघडली, कुंकवाच्या रेघेवर बोट ठेवलं आणि एकेक जोड मोटरीवर बघून पुटपुटत गेली. लाल बरोबर. पिवळी बरोबर. निळीवर ती थांबली.

"निळीतला तिसरा जोड उलटा आहे."

तो मी दिला होता. "माझी चूक, अक्का," मी म्हणालो.

"मग तूच सोडव. ये इकडं, मी धरते."

मी जोड सोडवला, टोकं बदलली, पुन्हा डाग दिला. खटका पडला आणि मोटर अशी फिरली की टेबलावरचे कप सरकले. सर उठून उभे राहिले. आठजण होतो आम्ही, पण त्या माळ्यावर बाजार भरल्यासारखा गलका झाला. खालचा भांडीवाला विचारायला वर आला. रविवारी व्हार्निश देऊन मोटर पत्र्याच्या पेटीत दिव्यांखाली वाळवली. आम्ही पाळीपाळीनं पेटीशेजारी बसलो, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

सोमवारी सकाळी आम्ही सगळे गिरणीत. बाहेर बायकांची रांग, प्रत्येकीजवळ डबा. अक्का आत गेली आणि पहिलं म्हणाली, "पट्टा काढा. आधी मोटर एकटी फिरू दे." पट्टा काढला. खटका पडला. मोटर फिरली, पण उलटी.

बाबाजीअण्णांचं तोंड पडलं. "झालं. परत न्यायची?"

"कशाला?" अक्कानं मेन बंद केला, टेस्ट लॅम्पनं खात्री करून घेतली आणि येणाऱ्या तीन तारांपैकी दोन आपसांत बदलल्या. दोन मिनिटं लागली असतील. या वेळी मोटर सुलट फिरली. पट्टा चढला, जातं घरघरलं. पुंडलिकनं डाव्या हातानं पहिला डबा ओतला आणि रांगेकडे तोंड करून म्हणाला, "मोटर हिनं बांधलीय."

बायका आत डोकावू लागल्या. एक म्हातारी थेट अक्काजवळ आली. "पोरी, आमचा पंखा दोन वर्षं पडलाय. बघशील?"

"पंचमी झाल्यावर आणा, आजी."

दुसऱ्या दिवशी पंचमीची सुट्टी. बुधवारी पुंडलिक तिच्याबरोबर वर्गात आला. सरांसमोर उभा राहून म्हणाला, "हजेरीच्या वहीतलं माझं नाव काढा आणि तिचं घाला. माझा हात बरा होईल तेव्हा होईल. ही मधेच सोडायची नाही." सरांनी दौतीत टाक बुडवून तिथल्या तिथं नाव बदललं. डिसेंबरात तिला सर्टिफिकेट मिळालं, वर्गात पहिला नंबर. मी चौथा आलो. वडिलांनी ते सर्टिफिकेट शेजाऱ्यांना दाखवलं.

मला पुढं एका कारखान्यात नोकरी लागली. अक्का आणि पुंडलिकनं १९८१ मध्ये हुबळीतच गोकुळ रोडवर पत्र्याची एक शेड घेतली. मोटर उघडणं, बेअरिंग ठोकणं त्याच्याकडे, वायंडिंग तिच्याकडे. आमच्या कारखान्याच्या मोटरी मी तिकडेच पाठवायचो.

एकदा मी शेडवर गेलो तर कुलूप. शेजारचा वेल्डर म्हणाला, अक्काच्या माहेरच्या गावात पाण्याचा पंप बंद पडलाय, दोघं पहाटेच्या गाडीनं अळणावरला गेलेत. दोन दिवसांनी ती भेटली. दमलेली होती, पण बोलायची थांबेना. विहिरीवर अर्धं गाव जमलेलं, शाळेतले जुने मास्तर काठी टेकत आलेले, पाणी आल्यावर त्यांनी ओंजळीनं पिऊन बघितलं. तिचे वडील दिवसभर मोटरीशेजारून हलले नाहीत.

"राहिली का नाहीस दोन दिवस?" मी विचारलं.

"तीन मोटरी इथं उघड्या पडल्यात, गोविंदा," ती म्हणाली आणि चिप हातात घेऊन कामाला बसली.