कोंबड्याचा काळवंडलेला तुरा

आई गेल्यावर बाबांना आम्ही साताऱ्याहून बहरीनला आणलं. मी आणि नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत. सनद नावाच्या वस्तीतल्या त्या घरात बाबा दिवसभर एकटेच. शेवटी घरमालकाला विचारून मागच्या अंगणात चार कोंबड्या आणि एक कोंबडा पाळला. बाबांना बोलायला कुणीतरी मिळालं.

जानेवारीत पाऊस झाला आणि मागोमाग बोचरा वारा सुटला. संध्याकाळी घरी येऊन बघते तर बाबांनी सगळं खुराडं प्लॅस्टिकनं घट्ट गुंडाळलेलं.

"गारठतील बिचारी," ते म्हणाले.

दोन-तीन दिवसांत कोंबडा शिंकायला लागला. त्याचा तुरा काळपट दिसू लागला. बाबांनी वरून आणखी एक गोधडी टाकली. कॅनडात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीकडेही कोंबड्या आहेत, म्हणून मी तिला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, आत हात घालून छताला लावा बरं," ती म्हणाली.

बाबांचा तळवा ओलाचिंब होऊन बाहेर आला.

"ही त्यांच्याच श्वासाची वाफ. आमच्याकडे बर्फात तुरे गोठतात, तेही ओलीमुळेच जास्त. कोरडी कोंबडी थंडी सोसते, ओली नाही सोसत."

"इथं कुठला बर्फ?"

"बर्फ नसला तरी कोंदट जागेत छाती भरते. वारा खालून अडवा, पण वर फट ठेवा. आणि त्याला डॉक्टरला दाखवा."

बाबांनी ओला तळवा सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "तुझी आई शेवटच्या दुखण्यात पांघरूण ढकलून द्यायची. मी परत घालायचो."

"तुम्ही जवळ आहात, एवढ्यानंच तिला बरं वाटायचं, बाबा," बहीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आणि मी गोधडी आणि वरचं प्लॅस्टिक काढलं, ओला भुसा उपसून कोरडा पसरला. जनावरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं. बाबा चमच्यानं ते पाजायचे आणि कोंबड्याला रागवायचे, "गीळ की रे, शहाण्या!"

हळूहळू तुऱ्यावर लाली चढली. एका सकाळी तो पुन्हा आरवला. बाबांनी स्वतःहून बहिणीला फोन लावला आणि फोन थेट खुराड्यापाशी धरला.

"आजोबा, मावशी इज स्लीपिंग! कॅनडात आता रात्र आहे!" माझी मुलगी ओरडली.

फोनमधून झोपाळलेला आवाज आला, "आरवू दे गं त्याला."