जपानी व्हिस्की आणि अण्णांचं नाक

अण्णांवर मी सात महिने हसलो. परवा ते गेले, म्हणून थांबलोय.

अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे, सुजाताचे थोरले भाऊ. मूळचे निपाणीचे. लग्न केलं नाही. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर होते.

तिथे त्यांच्या नाकाला मान होता. कुठल्याही मशीनवर टूल जळायला लागलं की शेडच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ओरडायचे, "तीन नंबर बंद करा रे!"

मी बंगळुरूतच, महादेवपुऱ्यातला आयटीवाला, त्यात मूळचा पुण्याचा. म्हणजे दोन्हीकडून शहाणा.

आमचा सहा जणांचा व्हिस्की ग्रुप आहे. शनिवारी दुपारी जमतो, ग्लास फिरवतो, मार्क देतो. घरात दूध करपलेलं आम्हाला कळत नाही, पण व्हिस्कीत चंदन बरोबर सापडतं.

त्या शनिवारी आमच्या घरी जपानी सिंगल माल्ट होती. एकाने टोकियोहून आणलेली.

अण्णांचा स्वतःहून फोन आला. "पावणं, लई वासाची बाटली आलीया म्हणं. मी येऊ काय?"

फुकटची म्हटल्यावर येणारच, असं मी सुजाताला म्हणालो.

अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. प्यायले जेमतेम एक घोट. बाकी वेळ डोळे मिटून ग्लासात नाक घालून बसले.

एकदा. दोनदा. पाचदा.

"अण्णा, बुडाल," कुणीतरी म्हणालं.

आमच्या कार्डांवर होतं: मध, चंदन, भाजलेलं सफरचंद. वासाला पंचवीसपैकी बावीस.

अण्णांनी लिहिलं: वास नाही. शून्य.

मी ते कार्ड उभं राहून वाचून दाखवलं.

हशा ओसरल्यावर अण्णांनी हळूच विचारलं, "पावणं, तुम्हाला खरंच येतोय काय ओ? मला काहीच येईना बघा."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अण्णा, तीस वर्षं ऑइल हुंगलंत. नाक मेलंय तुमचं. त्याला इलाज नाही!"

पुन्हा हशा. अण्णाही हसले. "सरी, सरी," म्हणाले, कानडीतलं बरं, बरं.

मी त्या कार्डाचा व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर बनवला. कुणी काहीही खाल्लं, प्यायलं, की टाक स्टिकर. अण्णांना मुद्दाम ग्रुपमध्ये घेतलं. ते दर वेळी अंगठा टाकायचे.

मागच्या आठवड्यात अण्णा कारखान्यात कोसळले. मेंदूत गाठ निघाली, लिंबाएवढी.

डॉक्टरांनी विचारलं, "यांना वास कधीपासून येत नव्हता? अशा जागी गाठ असली की बऱ्याचदा तोच आधी जातो."

सुजाता म्हणाली, "माहीत नाही."

माझ्या खिशातल्या फोनमध्ये तारखेसकट उत्तर होतं. मी पार्किंगची पावती शोधत राहिलो.

ऑपरेशननंतर अण्णा शुद्धीवर आलेच नाहीत.

स्मशानात त्यांच्यासोबत काम करणारे बसप्पा भेटले. मला हात जोडून म्हणाले, "मशीनच्या कूलंटचा वास येईना म्हणून अण्णा लई घाबरलते. मी म्हटलं, डॉक्टरकडं चला. तर म्हणाले, आधी पावण्याकडं जाऊन येतो, तिथं वासातली शिकलेली माणसं हाईत. आले ते निवांत होऊन. म्हणाले, पावण्यानं बघितलं. ऑइलनं नाक मेलंय, इलाज नाही. मग डॉक्टर कशाला?"

माझा शब्द आजवर कुणी इतका मनावर घेतला नव्हता.

सुजाता, हे तुला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. तू आतल्या खोलीत आहेस, आणि मी बाहेर बसून फेसबुकवर चारशे मित्रांना सांगतोय. यावरून काय ते ओळख.

बाटली अजून अर्धी आहे. सकाळी उघडून हुंगली.

नुसता दारूचा वास.

त्या दिवशीही तेवढाच आला होता. मध आणि चंदन मी खोक्यावर वाचून लिहिलं होतं.

त्या खोलीत खरं फक्त अण्णांनी लिहिलं.

अण्णा, माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही अंगठा टाकाल.

नमस्कार करतो.