लाल रंगाचे एक जनित्र

ते प्रकरण आठवलं की मला आजही हसू येतं, आणि पोलीस खात्यातल्या माणसाला असं वारंवार म्हणता येत नाही. निवृत्तीनंतर लोक भेटले की खुनांबद्दल विचारतात. खुनात सांगण्यासारखं फारसं नसतं. बहुतेक वेळा मारणारा घरातच बसलेला असतो. त्यापेक्षा ही साधी चोरी मला जास्त शिकवून गेली.

पाथर्डी तालुक्यातल्या एका लहानशा पोलीस ठाण्याची मी तेव्हा प्रभारी होते. दिवाळी होऊन गेली होती. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघून गेल्या होत्या आणि गावं अर्धी रिकामी होती. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती, एवढ्यात तिशीतली एक बाई पेट्रोलचा भरलेला कॅन घेऊन तरातरा ठाण्यात शिरली.

पोलीस ठाण्यात कुणी पेट्रोलचा कॅन घेऊन आलं की आमच्याकडे त्याचा एकच अर्थ होतो. एका शिपायाने कॅन हिसकावला, दुसऱ्याने वाळूची बादली उचलली आणि महिला शिपायाने बाईला मागून मिठीच मारली.

"सोडा की! जाळून घ्याया न्हाई आले मी," बाई ओरडली. "माझा जनरेटर चोरीला गेलाय!"

तिला बसवलं, पाणी दिलं, कॅन माझ्या खुर्चीमागे ठेवला. हकीकत अशी होती. नवरा ऊसतोडीला गेलेला, घरी ती आणि सासू. घरातल्या एका खोलीत तिने अंडी उबवायचं मशीन बसवलं होतं. गावठी कोंबडीची पिल्लं तयार करून ती तिसगावच्या बाजारात विकायची. त्या आठवड्यात गावची विजेची डीपी जळाली होती. नवी येईपर्यंत मशीन तिच्या लाल जनरेटरवर चालू होतं. तो थोडा वेळ चालवायचा, थोडा वेळ बंद ठेवून थंड होऊ द्यायचा. त्या सकाळी जनरेटर बंद करून ती पेट्रोल आणायला गेली आणि परत आली तर पडवी रिकामी. सासू परसात होती. तिने टेम्पोचा आवाज ऐकला होता, पण गावात टेम्पो येतच असतात.

चोरी झाली की लोक आधी वस्तूची किंमत सांगतात. या बाईने किंमत सांगितलीच नाही.

"मॅडम, तीनेकशे अंडी हायेत आत. पिल्लं पार शेवटाला आलीत. कान लावला का आतून टिकटिक ऐकू येती. गोधड्यात गुंडाळून ठिवलीत, संध्याकाळपर्यंत दम धरतील. रातच्या थंडीत आतल्या आत मरत्याल."

"गावात कोंबड्या असतील ना? त्यांच्याखाली ठेवा."

"खुडूक कोंबड्या चार मिळाल्या. एकेकीखाली दहा-बारा मावत्यात. बाकीच्यांवर तुमी बसणार का मी?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी हवालदारांना फिर्याद घ्यायला सांगितलं.

आमच्या या हवालदारांबद्दल सांगायला हवं. माणूस प्रामाणिक, अक्षर सुरेख, पण शासकीय मराठीचा कमालीचा अभिमानी. ठाण्यात कुणी 'डीपी' म्हटलं की ते 'रोहित्र' म्हणायला लावत. त्यांनी फिर्याद घेतली आणि माझ्या सांगण्यावरून हद्दीतल्या पोलीस पाटलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संदेशही टाकला: 'लाल रंगाचे एक जनित्र आज सकाळी चोरीस गेले आहे. आढळून आल्यास ताब्यात घेऊन ठाण्यास कळवावे.'

पंधरा-वीस मिनिटांत पहिला फोन आला. हवालदारांनी तो स्पीकरवर टाकला.

"हवालदारसाहेब, त्ये जनित्र गाभण हाय का भाकड?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"पाटील, ते पेट्रोलवर चालतं," हवालदार म्हणाले.

"पेट्रोल पाजलं? आरारारा! मग आता कशाचं सापडतंय. मेलं असंल त्ये."

हवालदार समजावत राहिले तोवर दुसऱ्या गावचे पाटील स्वतःच दारात हजर झाले. पाठोपाठ दोन माणसं आणि त्यांच्या हातात कासरा.

"मॅडम, तुमचं लाल जनित्र सापडलं. बेवारस फिरत हुतं. पर बैल हाय. चालंल का?"

दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत ठाण्याच्या आवारातल्या लिंबाला एक बैल आणि दोन गायी बांधलेल्या होत्या. त्यातल्या एका गाईची मालकीण आमच्यावरच चोरीची फिर्याद द्यायला आली होती. शब्द कळला नाही तर विचारावा, असं कुणाला वाटलं नाही. सरकारी मराठीत जनावराला काहीतरी मोठं नाव असणार, असं सगळ्यांनी धरून घेतलं होतं. आमच्या हद्दीत रंग सांगून जी गोष्ट चोरीला जाते ती गाय असते, हेही खरंच.

मी हवालदारांना दुरुस्तीचा संदेश टाकायला सांगणार होते. तेवढ्यात फाट्यावरच्या पंक्चरवाल्याचा फोन आला. हा आमचा जुना खबऱ्या. बोलायला वाकडा, पण खबर सरळ.

"मॅडम, गाय शोधताय म्हनं. सकाळी एक टेम्पो गेला हितनं. मागं ताडपत्री टाकून कायतरी नेलं. जनावर म्हनावं तर ना हूं ना चूं. शेपटी बी दिसंना. अन् वास पेट्रोलचा."

"टेम्पो कुणाचा?"

"त्ये न्हाई बघितलं. डोंगराकडच्या वस्तीवर वळला. तिथं टेम्पोवाले तीनच हायेत."

मी फोन ठेवला आणि हवालदारांना म्हणाले, "दुरुस्ती टाकू नका. आज आपण गायच शोधतोय."

"मॅडम, पण ते भाषेच्या दृष्टीने..."

"भाषेचं उद्या बघू."

माझा हिशोब सोपा होता. बाईचं गाव त्या वस्तीपासून लांब, जनरेटरची खरी हकीकत तिकडे पोचलेली नसणार. वस्तीवर ग्रुपवरची बातमी पोचली असणार, म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या डोक्यात गाय असणार. ज्याच्या डोक्यात गाय नसेल, तो आपला माणूस. पंक्चरवाल्याच्या तोंडी खबरीवर तिन्ही घरांची झडती घेता आली असती, पण दोन घरं विनाकारण उलटीपालटी झाली असती आणि वस्ती पुन्हा आमच्याशी बोलली नसती. शिवाय तीन घरं, तीन गोठे आणि कडब्याच्या गंजी उपसता उपसता दिवस मावळला असता. तिकडे अंडी थंड होत होती.

वस्तीवर गेलो. मारुतीच्या देवळाच्या पारावर बसले आणि एकेकाला बोलावलं. चौकशीत मी आवाज चढवत नसे. ओरडलं की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला निर्दोष माणूसही चोरासारखाच दिसतो.

पहिला वयस्कर. "जनावर हरवलंय, तुमच्याकडे आहे असं कळलं," मी म्हणाले.

"गोठा उघडाच हाय, बाईसाहेब. दोन म्हशी हायेत. लाल काय न्हाई. म्हशीला रंग दिला आसंल तर तुमीच धुऊन बघा."

दुसरा चिडका. "माझ्याकडं गाय? शेळी संभाळायला बायकू नको म्हनती!"

तिसरा तरुण, मिशीला पीळ दिलेला, पांढऱ्या शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती. कामाच्या दिवशी टेम्पोवाल्याच्या अंगावर असा शर्ट दिसत नाही, हे मी नोंदवून ठेवलं.

"तुझ्या घरी आहे, असं सांगतात," मी म्हणाले. या वेळी जनावर हा शब्द मी उच्चारलाच नाही.

"माझ्या घरी? कोन म्हनतो?" तो तावातावाने म्हणाला. "मॅडम, मला काय करायचाय जनरेटर? माझ्याकडं इन्व्हर्टर हाय!"

पहिले दोघे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मागून आमच्या हवालदारांचा आवाज आला, "जनित्र म्हण."

"जनरेटर?" वयस्कर टेम्पोवाला म्हणाला. "आरं, गाय हरवलीय ना?"

तरुणाने आपल्या तोंडातून काय गेलं ते एकदा मनात परत म्हणून पाहिलं असावं. मिशी होती तिथेच राहिली, पण चेहरा खाली उतरला.

त्याच्या घरी इन्व्हर्टर होता. त्याच्यावर फुलदाणी ठेवलेली होती, कारण त्याची बॅटरी कधीच मेली होती. जनरेटर गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागे निघाला. दोन पंच बोलावून जागेवरच पंचनामा केला. गोठ्यातली गाय शेजारी उभी राहून जनरेटरची मूठ चाटत होती.

कारण ऐकून मला राग यावा की हसू, कळेना. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाचं बारसं होतं. सासुरवाडी संगमनेरची, तालेवार. सासऱ्यांपुढे त्याने फुशारकी मारली होती की आमच्या घरी लाईट जातच नाही, आम्ही जनरेटर बसवलाय. कोंबडीचं खाद्य पोचवायला तो त्या बाईकडे नेहमी जायचा.

"चोरला न्हाई, मॅडम. उसना नेला. परवा ठिवनारच हुतो जाग्यावर."

"विचारून नेतात त्याला उसनं म्हणतात."

"इचारलं असतं तर दिला नसता ना."

"आणि तिची अंडी?"

"बंद हुता की, मॅडम. चालू असता तर हात लावला नसता. मला वाटलं, आज लागत नसंल."

एवढ्यात त्याची बायको बाळाला खांद्यावर टाकून बाहेर आली. "तुमी तर म्हनलात नगरवरनं नवा आनला! मी सकाळपासनं हळदीकुंकू घिऊन फिरतीय, पूजा करायची म्हनून!"

त्या माणसाला दिवसभरात सगळ्यात जास्त लागलं असेल तर ते हे.

ऊन उतरताना त्याला आणि जनरेटरला घेऊन आम्ही ठाण्यात परतलो. ती बाई पायरीवरच बसलेली. जीपमध्ये लाल पत्रा दिसताच उठली.

"सापडला! द्या, मी निघते."

इथे माझी खरी अडचण सुरू झाली. जप्त केलेली वस्तू म्हणजे मुद्देमाल. तो ठाण्यात जमा होतो आणि न्यायालयाच्या आदेशानेच मालकाला परत मिळतो. त्या दिवशी न्यायालयाची वेळ संपली होती. हे मी तिला सांगितलं.

"म्हंजी चोराकडनं घेतला अन् तुमी ठिवून घेतला."

"नियम आहे."

"मग कोर्टाला म्हनावं, बस अंड्यांवर."

नियम वाकवला तर चोराचा वकीलच पुढे पंचनाम्याच्या चिंध्या करणार, हे मला माहीत होतं. अंधार पडायला आला होता आणि हवेत गारठा चढत होता. हवालदार घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, मुद्देमाल चालू स्थितीत आहे किंवा कसे, याची खात्री करणे आवश्यक आहे."

"मग करा चालू."

"नुसता चालू करून कळत नाही. भार द्यावा लागतो."

"कशाचा भार?"

"काहीही चालेल," हवालदार गंभीरपणे म्हणाले. "उदाहरणार्थ, अंडी उबवण्याचे यंत्र."

"आणि खात्री किती वेळ करायची?"

"पटेपर्यंत."

त्या हवालदारांबद्दल मनात जे काही साठलं होतं, ते मी तिथल्या तिथे काढून टाकलं. स्टेशन डायरीला तशी नोंद घेतली. अर्ध्या तासात मशीन, गोधड्यांत गुंडाळलेली अंडी, बाई, सासू आणि आळीतल्या पाच-सहा बायका ठाण्यात दाखल झाल्या. मशीन बिनतारी यंत्रणेच्या खोलीत लावलं, जनरेटर मागच्या शेडमध्ये. माझ्या खुर्चीमागचा कॅन उपयोगी पडला. सासूबाईंनी एक अंडं कानाला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हाय. बोलतंय." मग सगळ्या बायका एकेक अंडं उचलून कानाला लावायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी आरोपीला न्यायालयात नेण्याआधी त्याचे सासरे जामिनासाठी आले. जरीचा फेटा, हातात बारशाच्या मिठाईचा डबा. गजांपलीकडे जावई, डोक्यावर पिवळा दिवा लख्ख जळतोय.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "बाकी कायबी आसू द्या. लाईट मात्र जात न्हाई बरं का तुमच्याकडं."

दुपारी आमच्या वरिष्ठांचा फोन आला. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "मागे चिवचिव कसली चाललीय?"

"मुद्देमालाची खात्री पटतेय, सर," मी म्हणाले. त्यांनी पुढे विचारलं नाही. चांगले अधिकारी होते.

संध्याकाळपर्यंत बिनतारीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. काही अंडी गेली, बरीचशी फुटून पिल्लं बाहेर आली. बाईने पिल्लं टोपल्यांत भरली. मी नको नको म्हणत असताना दोन पिल्लं आमच्या महिला शिपायाच्या ओंजळीत ठेवली आणि ती निघाली. 'सुपूर्तनाम्यावर परत', म्हणजे हमी लिहून घेऊन परत, असा आदेश दोन दिवसांनी आला, तेव्हा ती पुन्हा येऊन जनरेटर घेऊन गेली.

मी त्यानंतर अनेक गुन्हे उघडकीस आणले, बक्षिसंही घेतली. पण गुन्हा उघडकीला आला की आपलं काम संपलं, असं मला पुन्हा कधी वाटलं नाही. कपाटांत सीलबंद पडलेले मोबाईल, गंजत गेलेल्या मोटारसायकली, आदेशाची वाट बघणारे दागिने मी आधीही रोज बघत होते. त्या दिवसानंतर प्रत्येकाच्या मागे कुणाचं काय थंड पडत असेल, ते मी विचारायला लागले. वस्तू ज्याची आहे त्याच्या हातात वेळेवर पडली नाही, तर चोरात आणि आपल्यात फरक एवढाच, की आपण ती जास्त शिस्तीत ठेवून घेतो.